व्यवसाय कर आणि रोजगार हमी : एका धाग्याची दोन टोके

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कार्यवाहांनी आम्हांस चार शब्द सांगण्याची आज्ञा केली तेव्हा विषयाची निवड आमच्यावर सोपविली. या व्यासपीठावरून दरवर्षी शिक्षण, संतचरित्र, विवाहसमयीची काटकसर अशा विषयांवर बोधप्रद व्याख्याने होत असतात. यंदा आम्ही जरा रूक्ष विषय निवडला आहे. कर आणि मजुरी हा तो विषय होय. आमचे शिक्षण मॅट्रिक व त्यानंतरचे अध्यापक विद्यालय एवढेच; अर्थशास्त्राचे पांडित्य आमच्याजवळ नाही. परंतु अंकगणित शिकविण्यात ज्याचे आयुष्य गेले त्याने जमाखर्चाची चार वाक्ये बोलण्यास संकोच करण्याचे कारण नाही, असे समजून आम्ही हे धाडस करीत आहोत.

आपल्या समाजाच्या बैठकींत दोन तक्रारी नित्य कानी पडतात. पहिली तक्रार नोकरदार बंधूंची. दरमहा वेतनपत्रकात 'व्यवसाय कर' या नावाने दोनशे रुपये कापले जातात, ते कोठे जातात, आम्हांस त्याचे काय फळ, असे ते विचारतात. दुसरी तक्रार आपल्या शेतकरी बंधूंची. मजूर मिळत नाही, मजुरी फार वाढली, सरकारने हमीची कामे काढून माणसे आळशी केली, असे ते म्हणतात. या दोन तक्रारी करणारे बहुधा एकमेकांशेजारी बसलेले असतात. पण दोहोंच्या तक्रारी एकाच धाग्याची दोन टोके आहेत, हे मात्र क्वचितच कोणाच्या ध्यानात येते. तो धागा उलगडून दाखविणे एवढाच आजचा आमचा हेतू आहे.

प्रथम कराचा विचार करू. व्यवसाय, व्यापार, आजीविका व नोकरी यांवर कर बसविण्याचा अधिकार राज्यघटनेच्या २७६ व्या अनुच्छेदाने राज्यांस दिलेला आहे. मात्र त्यास मर्यादाही तेथेच घालून दिली आहे. आरंभी ही मर्यादा एका व्यक्तीस वर्षाला २५० रुपये होती. १९८८ साली साठाव्या घटनादुरुस्तीने ती २,५०० रुपये झाली. महाराष्ट्राने या कराचा कायदा १९७५ साली केला. आज दरमहा दहा हजारांहून अधिक वेतन असणाऱ्या पुरुष नोकरदारास अकरा महिने दोनशे व फेब्रुवारीत तीनशे, असे वर्षाचे अडीच हजार भरावे लागतात. दरमहा पंचवीस हजारांपर्यंत वेतन असणाऱ्या भगिनींस १ एप्रिल २०२३ पासून हा कर माफ आहे. म्हणजे शाळामास्तर आणि मोठ्या कंपनीचा अधिकारी या दोघांसही कराचा आकडा एकच. घटनेनेच शिखर बांधून दिल्यामुळे हे असे झाले आहे, आणि न्यायाच्या तराजूत ते पुरते बसत नाही, हे आम्हीही मान्य करतो.

हा कर कशासाठी आला, हे आता पाहू. महाराष्ट्रात त्याचा जन्मच रोजगार हमी योजनेच्या पोटी झाला आहे. शहरातील पगारदार व व्यापारी यांनी थोडे थोडे द्यावे आणि त्यातून खेड्यातील बेकार हातांस काम मिळावे, अशी ती योजना होती. व्यवसाय कराच्या जोडीला त्या काळी विक्रीकर व मोटार वाहनांवरील कर यांत वाढीव आकारणी, बागायत जमिनींवर विशेष आकारणी, शहरांतील अनिवासी जागांवर कर अशा आणखीही बाबी ठेवण्यात आल्या. या सर्वांतून जेवढी रक्कम निधीत जमा होईल तेवढीच रक्कम राज्य शासनाने आपल्या तिजोरीतून घालावी, असेही ठरले. एका विशिष्ट कामासाठी विशिष्ट कर गोळा करावा आणि त्याचा निधी वेगळा राखावा, अशी उदाहरणे सरकारी व्यवहारात थोडी. त्यांतील हे एक ठळक उदाहरण आपल्या राज्याचे आहे.

या कल्पनेचे श्रेय प्रामुख्याने श्री. वि. स. पागे यांस दिले जाते. पागे हे सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्याचे आणि १९६० ते १९७८ या काळात विधान परिषदेचे सभापती. १९६५ साली त्यांनी आपल्याच तालुक्यात हा प्रयोग करून पाहिला. जो काम मागेल त्यास काम द्यावयाचे, आणि त्या कामातून गावाची जमीन व पाणी सुधारावयाचे, असे त्याचे साधे सूत्र होते. त्या वेळचे मुख्यमंत्री श्री. वसंतराव नाईक यांनी ते सूत्र उचलून धरले, आणि १९७२ साली ते राज्यभर लागू करण्याचा निर्णय झाला.

इकडे पुण्यास गोखले अर्थशास्त्र संस्थेत प्रा. वि. म. दांडेकर व प्रा. नीळकंठ रथ यांनी भारतातील दारिद्र्यावरील आपला सुप्रसिद्ध प्रबंध १९७१ साली प्रसिद्ध केला. १९६०-६१ च्या किमती धरून, खेड्यात माणशी महिना १५ रुपये व शहरात साडेबावीस रुपये खर्चण्याची ज्यांची ऐपत नव्हती असे लोक खेड्यांत सुमारे चाळीस टक्के आणि शहरांत सुमारे पन्नास टक्के होते, असा त्यांचा हिशेब होता. जमिनीचे फेरवाटप करूनही सर्वांस पुरेल एवढी जमीन नाही. तेव्हा ज्यांच्याजवळ श्रमाखेरीज काही नाही त्यांस श्रमाचे काम द्यावे आणि त्याचा खर्च सुस्थितीतील वर्गाने करातून सोसावा, असा त्यांच्या प्रतिपादनाचा मथितार्थ होता. तासगावचा अनुभव आणि पुण्याचे संशोधन, दोन्ही एकाच दिशेकडे बोट दाखवीत होते.

आणि मग दुष्काळ आला. १९७० पासून पावसाने ओढ दिली होतीच. १९७२ ने कळस केला. त्या वेळी आम्ही पाचवीत होतो. मिलोची तांबडी भाकरी आणि शाळेत मिळणारी सुकडी यांची चव आमच्या वयाच्या कोणासही विसरता येणार नाही. आमची आई व थोरल्या काकू तलावाच्या कामावर जात. सकाळी घमेले व फावडे घेऊन निघत आणि दिवेलागणीस परतत, तेव्हा अंगावरील लुगड्याचा मूळ रंग कोणता हे ओळखता येत नसे. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर सुमारे पन्नास लक्ष माणसे होती. एवढा भीषण दुष्काळ पडूनही मोठ्या प्रमाणावर भूकबळी गेले नाहीत. जगातील अर्थशास्त्रज्ञांनी या गोष्टीचा पुढे बारकाईने अभ्यास केला, आणि लोकांच्या हाती मजुरीचा पैसा पडला म्हणून ते जगले, असे त्याचे प्रमुख कारण सांगितले.

दुष्काळ सरला, पण धडा उरला. १९७७ साली राज्याच्या विधिमंडळाने रोजगार हमीचा कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. मागणी केल्यापासून पंधरा दिवसांत काम, आणि न दिल्यास बेकारी भत्ता, असा हक्क कायद्याने मिळाला. दया म्हणून दिलेले काम निराळे आणि हक्क म्हणून मागितलेले काम निराळे; या कायद्याचे मर्म ते हेच.

आता संशोधनाकडे वळू. कोणी म्हणेल की सरकारने एवढा खटाटोप कशास करावा, गरिबांस सरळ पैसे वाटावेत. याचे उत्तर शिक्षकास सहज उमजते. पूर्वी शाळेत नादारी द्यावयाची असे तेव्हा उत्पन्नाचे दाखले मागविले जात. ज्याची ओळख त्यास दाखला मिळे, आणि खरोखर निर्धन असलेला पालक तलाठ्याच्या दारी हेलपाटे घालून थके. गरीब कोण हे शोधून काढणे, हेच या सर्व व्यवहारात कठीण असते. रोजगार हमीत हा शोध घ्यावाच लागत नाही. भर उन्हात माती खणून बेताची मजुरी घेण्यास सुखवस्तू माणूस आपण होऊन येत नाही. जो येतो त्याची गरज त्याच्या येण्यानेच सिद्ध होते. काम हीच चाळणी, आणि कामगार हाच स्वतःचा दाखला.

परंतु या चाळणीचीही एक किंमत आहे. हमीच्या कामावर गेलेला माणूस त्या दिवशी अन्य काही मिळवू शकला असता, ते त्याने गमावले. तेव्हा त्याचा खरा लाभ मिळालेल्या मजुरीएवढा नसून, त्यातून हे गमावलेले वजा जाता उरेल तेवढाच. श्री. गौरव दत्त व श्री. मार्टिन रॅव्हॅलियन या अर्थशास्त्रज्ञांनी सोलापूर जिल्ह्यातील शिरापूर आणि अकोला जिल्ह्यातील कानझरा या दोन गावांच्या वर्षानुवर्षे ठेवलेल्या नोंदींवरून हा हिशेब मांडला व तो १९९४ साली प्रसिद्ध केला. त्यांच्या अंदाजाप्रमाणे मजुरांनी गमावलेली मिळकत हमीच्या मजुरीच्या सुमारे चौथ्या हिश्श्याएवढी होती. म्हणजे रुपयातील बारा आणे हा निव्वळ लाभ. हे मजूर दुसरे काम टाकून आले होते, ही समजूत या आकड्यापुढे फारशी टिकत नाही. बहुतेकांच्या हाती त्या दिवसांत दुसरे काम नव्हतेच.

दुसरा अभ्यास अधिक बोलका आहे. १९८८ च्या मध्यास किमान वेतन दुप्पट झाले व त्याबरोबर हमीच्या कामांचा मजुरीदरही दुप्पट झाला. वरवर पाहता मजुरांचे यात कल्याणच. पण श्री. रॅव्हॅलियन, श्री. दत्त व श्री. शुभम चौधुरी यांनी पुढील काळातील हजेरीचे आकडे तपासले, तेव्हा काम मिळालेल्यांची संख्या अपेक्षेहून पुष्कळ कमी भरली. दर वाढला, मागणारे वाढले. परंतु काढलेली कामे त्या मानाने वाढली नाहीत. परिणामी ज्यास काम मिळाले त्यास अधिक मिळाले, आणि पुष्कळांस कामच मिळाले नाही. कागदावर हमी तशीच राहिली. प्रत्यक्षात ती वाटून देण्याची वस्तू झाली. हमी ही शब्दाने देता येते, पण पाळावी लागते ती पैशाने. ज्यास मजुरीचा दर वाढवावयाचा आहे त्याने कराचीही तरतूद केली पाहिजे, हा या अभ्यासाचा बोध आहे. व्यवसाय कराचे शिखर १९८८ पासून अडीच हजारांवर जागच्या जागी आहे, आणि त्यानंतर बाजारातील प्रत्येक वस्तूची किंमत किती पटींनी वाढली हे गृहिणींस सांगावयास नको. २०२५-२६ या वर्षी केंद्राच्या योजनेचा महाराष्ट्रातील मजुरीदर दिवसास ३१२ रुपये होता. त्या दराने आपल्या वर्षाच्या व्यवसाय करात एका मजुराची केवळ आठ दिवसांची मजुरी निघते. 'आमचे दोनशे रुपये कोठे जातात' या प्रश्नाचे एक उत्तर असेही आहे.

आता शेतकरी बंधूंच्या तक्रारीकडे येतो, आणि तिची आम्ही टवाळी करणार नाही. महाराष्ट्राच्या उदाहरणावरून पुढे केंद्र शासनाने २००५ साली ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला. फेब्रुवारी २००६ पासून तो टप्प्याटप्प्याने देशभर लागू झाला व प्रत्येक ग्रामीण कुटुंबास वर्षाला शंभर दिवसांची हमी मिळाली. त्याचा मजुरीच्या बाजारावर काय परिणाम झाला याचे संशोधन श्री. क्लेमाँ इंबेर व श्री. जॉन पॅप यांनी २०१५ साली प्रसिद्ध केले. ज्या जिल्ह्यांत योजना आधी लागू झाली तेथे उन्हाळी हंगामात खाजगी कामाची रोजंदारी पाच टक्क्यांच्या जवळपास वाढली, असा त्यांचा निष्कर्ष आहे. तेव्हा मजुरी वाढली ही तक्रार खोटी नाही. मजूर लावणाऱ्याचे त्यात नुकसान झाले आणि मजुरी करणाऱ्याचा त्यात लाभ झाला. तोही हमीच्या कामावर गेलेल्याचाच नव्हे, तर न गेलेल्याचाही. कारण दुसरीकडे काम मिळू शकते एवढी जाणीवसुद्धा मजुराच्या बोलण्यास बळ देते. पण 'माणसे आळशी झाली' या वाक्यास मात्र येथे आधार सापडत नाही. जो अधिक दर मागतो तो आळशी असता तर मागण्याच्या खटपटीत पडलाच नसता. आपण कापूस किंवा कांदा विकताना दोन बाजार पाहतो, त्यास कोणी आळस म्हणत नाही. मग घाम विकणाऱ्याने दोन बाजार पाहिले तर त्यास तो शब्द का लावावा?

शिवाय शेतकऱ्याच्या पदरात काहीच पडले नाही असेही नाही. पाझर तलाव, नाला बांध, विहिरी, शेतरस्ते ही कामे याच योजनेतून झाली, आणि त्यांचा लाभ जमीन असणाऱ्यासच अधिक झाला. १९९० पासून फळबागांची लागवड या योजनेस जोडली गेली. आज कोकणातील आंबा व काजू, देशावरील डाळिंब व बोर यांच्या ज्या बागा आपण पाहतो त्यांतील पुष्कळ या मार्गाने उभ्या राहिल्या. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार या गावाने १९९० नंतर पाणलोटाची कामे केली त्यांतही रोजगार हमीचा मोठा हातभार होता. तेथील मजूर आता गावातच राहतो, कारण विहिरीस पाणी आहे. मजुरीवर होणारा खर्च योग्य कामावर झाला, तर पाचदहा वर्षांनी तोच मजूर लावणाऱ्यासही परत मिळतो.

भगिनींच्या दृष्टीने या योजनेचे मोल निराळेच आहे. श्रीमती कुमुदिनी दांडेकर यांनी गोखले संस्थेतून १९८३ साली स्त्रियांच्या रोजगाराच्या दृष्टीने या योजनेचा स्वतंत्र अभ्यास प्रसिद्ध केला. कामावर स्त्रियांची संख्या फार मोठी असे, कारण काम घराजवळ असे आणि मोजलेल्या मातीचा दर स्त्रीपुरुष पाहून बदलत नसे. शेतावर जेथे बाईस निमपट मजुरी देण्याची चाल होती, तेथे ही लहान गोष्ट नव्हे.

दोष नाहीत काय? पुष्कळ आहेत. हजेरीपटावर खोटी नावे चढली, अर्धवट कामे पावसात वाहून गेली, मजुरी आठवड्याऐवजी महिन्या-दोन महिन्यांनी मिळाली. आमच्या शाळेतील मुले मजुरीच्या खोळंब्यामुळे वह्यांवाचून बसलेली आम्ही पाहिली आहेत. पण शाळेत गुरुजी उशिरा येतात म्हणून शाळाच बंद करा असे कोणी म्हणत नाही. गुरुजींस वेळेवर आणा असे म्हणतो. २०२५ च्या डिसेंबरात संसदेने २००५ च्या कायद्याच्या जागी नवा कायदा मंजूर केला. त्यात हमीचे दिवस १२५ केले, आणि महाराष्ट्रासारख्या राज्यांस खर्चातील चाळीस टक्के वाटा उचलावयास सांगितले. दिवस वाढले आणि राज्याचा भारही वाढला. १९८८ चा धडा येथे पुन्हा आठवावा. पैशाची सोय झाली नाही, तर वाढलेले दिवस कागदावरच राहतील.

आता आपल्या घरचे एक बोलतो. गेल्या दोन वर्षांत मंडळाच्या कुटुंब-परिचयसूचीचे काम आमच्याकडे होते. त्या सूचीत 'व्यवसाय' असा एक रकाना आहे. जी कुटुंबे वर्षातील अर्धे दिवस मजुरीवर जगतात त्यांपैकी अनेकांनी आम्हांस बाजूस घेऊन विनविले की, गुरुजी, तेथे 'शेती' लिहा. एकाने तर 'मजुरी' हा भरलेला शब्द खोडावयास लावला. कारण मुलीचे लग्न ठरावयाचे होते. आम्ही तो शब्द खोडला, परंतु ती खोडाखोड मनास लागून राहिली. या सभागृहात बसलेल्यांपैकी साठीच्या वरचा असा कोण आहे की, ज्याच्या घरातील कोणी १९७२ साली खडी फोडली नाही? त्या मजुरीवर आपण जगलो, शिकलो, नोकरीस लागलो, आणि आज त्याच शब्दाची आपल्या सूचीत लाज वाटते. कर भरणारा आणि मजुरी घेणारा हे दोघेही याच सूचीत आहेत. पुष्कळदा ते एकाच आजीची नातवंडे आहेत.

म्हणून आम्ही मंडळापुढे तीन सूचना नम्रपणे ठेवतो. पहिली : आपल्या सुशिक्षित तरुणांनी गावोगावच्या बांधवांस कामाच्या मागणीचा अर्ज लिहून द्यावा आणि त्याची दिनांकित पोच घेण्यास शिकवावे, कारण पोच नसेल तर पंधरा दिवसांचा हिशेब कोठून धरावयाचा हेच सिद्ध होत नाही. दुसरी : जे बांधव व्यवसाय कर भरतात त्यांनी कुरकुर करण्याऐवजी आपल्या मूळ गावच्या ग्रामसभेस वर्षातून एकदा तरी जावे आणि कोणती कामे निघाली, किती मजुरी थकली, हे उभे राहून विचारावे. ज्याने पैसा दिला त्यास हिशेब विचारण्याचा अधिकार आहे. तिसरी : पुढील वर्षाच्या स्मरणिकेत १९७२ च्या कामांवर गेलेल्या वडीलधाऱ्या माणसांच्या आठवणी नावानिशी छापाव्यात. ती पिढी झपाट्याने सरत आहे. लिहून घेण्यास फार दिवस उरलेले नाहीत.

आणि परिचयसूचीच्या नव्या आवृत्तीत ज्याचा व्यवसाय मजुरी आहे त्याच्या नावापुढे 'मजुरी' असेच छापावे, आणि तो शब्द वाचून त्या घरची सोयरीक कोणी मोडू नये, एवढी विनंती या सभेस करून आम्ही आपली रजा घेतो.